पावती कोणाच्या नावावर?

२०१८ चे गणपती. कॉलेजच्या गेटवर एका बाजूला गावातल्या मंडळाचा फ्लेक्स आणि दुसऱ्या बाजूला आमच्या सरांचा. फोटो पासपोर्ट साइजचा, ओढून ताणून मोठा केलेला, त्यामुळे चेहऱ्याचे चौकोन दिसत होते, आणि खाली 'जागतिक स्तरावरील टॉप १ टक्का संशोधकांमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुकांमध्ये संस्थेच्या अध्यक्षांपासून ते समोरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे. दुसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्हा पानावर बातमी पण आली, त्यात तर 'संशोधकांमध्ये'चं 'शास्त्रज्ञांमध्ये' झालं.

खरं काय होतं ते सांगते. सरांची निवड संशोधक म्हणून झालीच नव्हती, रिव्ह्यूअर म्हणून झाली होती. म्हणजे दुसऱ्यांनी जर्नलला पाठवलेले पेपर फुकटात वाचून, चुका काढून, एडिटरला रिपोर्ट लिहून देणारा माणूस. मॅचमध्ये बॅट्समन वेगळा आणि अंपायर वेगळा, इथे अंपायरला बक्षीस मिळालं होतं आणि गावात सगळ्यांना वाटलं याने सेंच्युरी मारली. सरांनी कोणाची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, कोणी घालेल का सांगा.

हे प्रकरण मी लिहायला घेतलं कारण मी त्यात आतून होते. त्या वेळी मी त्याच डिपार्टमेंटला सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीवर, शिकवत होते आणि त्याआधी चार-पाच वर्षं सरांकडेच पीएच.डी. केलेली. केमिस्ट्री, झिंक ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल वगैरे, आपल्याकडे दर दुसऱ्या लॅबमध्ये जे चालतं तेच.

आधी हा पुरस्कार काय होता ते बघू. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला २०१२ मध्ये अँड्र्यू प्रेस्टन आणि डॅनियल जॉन्स्टन या दोघांनी 'पब्लॉन्स' नावाची कंपनी काढली. नावातच चेष्टा आहे, छापता येईल एवढ्या लहानात लहान संशोधनाच्या तुकड्याला संशोधक मंडळी गमतीने पब्लॉन म्हणतात, इलेक्ट्रॉन-प्रोटॉनसारखं. आयडिया अगदी साधी होती, रिव्ह्यू करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, नाव छापून येत नाही, मग निदान त्याने किती काम केलं याची नोंद तरी कुठेतरी राहू दे. तुम्ही रिव्ह्यू सबमिट केला की जर्नलकडून 'थँक यू'ची मेल येते, ती मेल पब्लॉन्सच्या पत्त्यावर फॉरवर्ड करायची, ते पडताळून तुमच्या प्रोफाइलवर एक आकडा वाढवायचे. पेपर कुठला होता ते बहुतेक वेळा दिसत नाही, फक्त जर्नलचं नाव आणि वर्ष, कारण गुप्तता पाळायची असते. २०१६ च्या सप्टेंबरात, पीअर रिव्ह्यू वीक असतो तेव्हा, त्यांनी पहिल्यांदा पुरस्कार जाहीर केले, 'सेंटिनल्स ऑफ सायन्स' असं भारदस्त नाव देऊन, पुढच्या वर्षी नाव साधं करून पीअर रिव्ह्यू अवॉर्ड्स केलं. २०१७ मध्ये क्लॅरिव्हेटने, म्हणजे संशोधन पेपरांची वेब ऑफ सायन्स ही यादी चालवणाऱ्यांनी, कंपनी विकत घेतली. आमच्या सरांना मिळालं ते त्यानंतरचं सर्टिफिकेट, आपापल्या विषयात टॉप १ टक्का.

पण टॉप म्हणजे कशात टॉप? मोजणीत. वर्षभरात कोणी किती रिव्ह्यू केले त्याची मोजणी. रिव्ह्यू चांगला होता का, दोन ओळींचा होता का दोन पानांचा, याची मोजणी नाही, आणि करणार तरी कशी, रिपोर्ट गुप्त असतात. पहिल्या वर्षी सगळ्यांच्या वर स्वीडनचे स्टॅटिस्टिशियन योनास रान्स्टाम होते, एका वर्षात ६६१ पेपर. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण स्टॅटिस्टिक्सवाला माणूस पेपरातला आकडेवारीचा भागच प्रामुख्याने तपासतो, त्यामुळे त्याचा एक रिव्ह्यू आणि माझ्यासारखीचा एक रिव्ह्यू हे एकाच मापाने मोजायचे नसतात. मोजणी मात्र दोन्हीला एकच म्हणते.

आणि काम किती असतं म्हणाल तर पब्लॉन्सनेच २०१८ मध्ये एक मोठा रिपोर्ट काढला होता, जवळपास १२ हजार संशोधकांना विचारून. एका रिव्ह्यूला साधारण ५ तास, जगभर मिळून वर्षाला ६.८५ कोटी तास, आणि त्यातलं निम्मं काम फक्त १० टक्के लोक करतात. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या एका गटाने हिशोब केला तर २०२० या एका वर्षात १० कोटींच्या वर तास भरले, म्हणजे १५ हजारांच्या वर वर्षं माणसांनी फुकट वाचलं. जर्नल चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा नफा बघितला की हे आकडे अजूनच टोचतात, पण तो वेगळा विषय, असो.

या कामात श्रेय किती नाहीसं होतं याचं माझं आवडतं उदाहरण आइनस्टाइनचं. १९३६ मध्ये आइनस्टाइन आणि नेथन रोझन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या जर्नलला पेपर पाठवला की ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्ज, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाटा, नसतातच. एडिटर जॉन टेट यांनी तो एका जाणकाराकडे धाडला, त्याने दहा पानं भरून चूक दाखवली. आइनस्टाइन भडकले, आम्ही छापायला दिला होता, दुसऱ्याला दाखवायला कोणी सांगितलं, अशा अर्थाचं पत्र लिहून पेपर परत घेतला. तो जाणकार म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन, तोही प्रिन्स्टनचाच. त्याने नंतर आइनस्टाइनच्या सहायकाशी, इन्फेल्डशी, गप्पा मारता मारता तीच चूक समजावून दिली, हा रिपोर्ट माझाच होता हे न सांगता, आणि १९३७ मध्ये पेपर दुसरीकडे छापून आला तो बरोब्बर उलटा निष्कर्ष घेऊन. रॉबर्टसन १९६१ मध्ये गेला. तो रिव्ह्यूअर तोच होता हे पक्कं कळलं २००५ मध्ये, जर्नलचं जुनं रजिस्टर उघडल्यावर. त्या लाटा २०१५ मध्ये सापडल्या, २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर झाल्या, आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होतीये ती त्यासाठीच. रॉबर्टसनच्या नावावर मात्र त्या वाचवलेल्या चुकीची पावती सत्तर वर्षं कोणी फाडली नव्हती.

तर आता आमच्या पावतीकडे.

सरांच्या मेलचा पासवर्ड लॅबमध्ये तिघांना माहीत होता. पीएच.डी. केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. बिलं, युनिव्हर्सिटीचे फॉर्म, जर्नलची मेलामेली सगळं आम्हीच करायचो. रिव्ह्यूची रिक्वेस्ट आली की सर म्हणायचे, 'जरा हे बघून घे गं, परवापर्यंत दे.' मी वाचायचे, वर्डमध्ये मुद्दे टाइप करायचे, सर वाचून दोन-चार वाक्यं बदलायचे, कधी एखादा मुद्दा घालायचे जो मला सुचलाच नसता, आणि मग मीच सरांच्या लॉगिनने सबमिट करायचे. थोड्या वेळाने थँक यू मेल यायची. डियर प्रोफेसर अमुक. आणि ती मेल पब्लॉन्सला फॉरवर्ड करायची असते हे लॅबमध्ये पहिल्यांदा कळलं तेही मलाच, कुठल्या तरी वेबिनारमध्ये, प्रोफाइल पण मीच उघडून दिलं होतं सरांचं, फोटो अपलोड केला होता, तोच फोटो पुढे फ्लेक्सवर गेला.

म्हणजे ज्या मोजणीवर सर टॉप १ टक्क्यात आले त्यातल्या बऱ्याच पावत्या मी माझ्या हाताने फॉरवर्ड केल्या होत्या. किती ते मी मोजलेलं नाही आणि मोजणारही नाही. बाकीच्या दोघांच्याही होत्या.

गणपतीच्या वर्गणीचं असं असतं बघा, पैसे चाळीतल्या पोरांनी दारोदार फिरून गोळा करायचे आणि मंडपात पाटी लागते ती देणगीदारांची. पण तिथे निदान पावती पुस्तकावर ज्याने फाडली त्याची सही असते.

ज्या दिवशी फ्लेक्स लागला त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. माझ्यासमोर बॉक्स धरून म्हणाले, 'घे, तुझा पण हात आहे यात.' सगळे हसले, मी पण हसले, पेढा खाल्ला. कंदी पेढा होता, चांगला होता. घरी जाताना गाडीवर मात्र डोक्यात तेच चाललं होतं की हे जे सर बोलले ते खरं आहे आणि त्यांना ते माहीत पण आहे, मग मला एवढं का लागतंय.

सर वाईट माणूस नाहीत हे इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर वाचणारे लगेच शोषण वगैरे शब्द काढतील. माझ्या पहिल्या कॉन्फरन्सची फी त्यांनी खिशातून भरली होती. रिव्ह्यू कसा लिहायचा हे मला जे येतं ते सगळं त्यांनीच शिकवलं, आधी ग्राफ बघ मग मजकूर वाच, लेखकाला कधी 'तुम्हाला कळत नाही' असं लिहायचं नाही, 'हे स्पष्ट होत नाही' असं लिहायचं. पब्लॉन्सच्या त्याच रिपोर्टमध्ये होतं की जवळपास ३९ टक्के रिव्ह्यूअरना कधी कसलंच ट्रेनिंग मिळालेलं नसतं. मला मिळालं होतं, चांगलं मिळालं होतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि हे आमच्याच गावात होत होतं असंही नाही. २०१९ मध्ये ई-लाइफ जर्नलमध्ये एक सर्व्हे छापून आला, मुख्यतः पीएच.डी. आणि पोस्टडॉकवाल्यांचा, त्यात निम्म्या लोकांनी सांगितलं की आम्ही गाइडच्या नावाने रिव्ह्यू लिहून दिलेत आणि एडिटरला आमचं नाव कळलेलं नाही. निम्म्या! मला तो वाचून इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. त्यात दुसरी भानगड पण आहे, मॅन्युस्क्रिप्ट गुप्त असते, एडिटरला न विचारता विद्यार्थ्याला दाखवणं हेच मुळात नियमात बसत नाही. म्हणजे आम्ही दोघंही चुकत होतो, सर देऊन आणि मी घेऊन, आणि त्या चुकीची बेरीज होऊन वर सर्टिफिकेट आलं.

आता या प्रकरणात पुरस्काराचा दोष किती? मला विचाराल तर लोक म्हणतात तेवढा नाही, पण आहे. दोष मोजण्याचा आहे. मोजणी मेलवर अवलंबून, मेल इनबॉक्सवर, आणि इनबॉक्स नेहमी वरच्या माणसाचा. एडिटर रिक्वेस्ट पाठवतो तोही ज्याचं नाव आधीच माहितीये त्याला. त्यामुळे जो पुरस्कार निघाला होता न दिसणाऱ्या माणसाला दिसतं करायला, तो आधीच दिसणाऱ्याला अजून ठळक करत बसला. सरांनी नंतरच्या वर्षी सुधारणा म्हणून काय केलं, तर येईल ती रिक्वेस्ट घ्यायला लागले, कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये सर्टिफिकेट लावलं होतं ना, आकडा टिकवायचा होता. स्टाफरूममध्ये अजून दोघा-तिघांनी प्रोफाइल उघडली. भलत्याच जर्नलच्या रिक्वेस्ट, ज्यांचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही आणि ज्यांच्या मेलमध्ये 'ग्रीटिंग्स ऑफ द डे' असतं, त्यासुद्धा लोक आनंदाने घ्यायला लागले. एक सर तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिव्ह्यू उरकायचे, डबा उघडा आणि लॅपटॉप उघडा.

लोकांना काय दिलं तर ते चांगलं काम करतात यावर एक मस्त प्रयोग झालेला आहे, जर्नल ऑफ पब्लिक इकॉनॉमिक्समध्ये, अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी, तिथले १५०० रिव्ह्यूअर घेऊन, २०१४ मध्ये जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ह्जमध्ये छापला. एका गटाला सहा आठवड्यांऐवजी चारच आठवड्यांची मुदत दिली, बस, तेवढ्याने साधारण ४८ दिवसांवरून ३६ दिवसांवर काम आलं. ज्यांना वेळेत दिल्यावर १०० डॉलर देऊ केले ते अजून आठेक दिवसांनी लवकर. आणि एका गटाला सांगितलं की तुम्ही किती दिवस घेतले ते आम्ही नावासकट जाहीर करणार, तर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त झाला पर्मनंट नोकरीवाल्या सीनियर प्रोफेसरांवर, पैशाचा त्यांच्यावर विशेष नाही. मला हे वाचून आमचा फ्लेक्सच आठवला. पण त्यातलं माझ्या कामाचं होतं ते पहिलं, मुदत. पुरस्कार नाही, पैसे नाहीत, नुसती तारीख बदलली आणि सगळ्यात मोठा फरक पडला. म्हणजे कधी कधी व्यवस्थेतली एक ओळ बदलायची असते आणि आपण सोहळे करत बसतो.

आमच्याकडेही तसंच झालं. २०१९ मध्ये कधीतरी सरांनी परत एक पेपर माझ्याकडे सरकवला. मी बरेच दिवस वाक्य जुळवत होते, त्या दिवशी एकदम बोलून गेले, 'सर, एडिटरला माझं नाव कळवता येईल का, की आपण दोघांनी मिळून बघतोय म्हणून.' मला वाटलं होतं चिडतील. सर थोडा वेळ गप्प, मग चष्मा काढून म्हणाले, 'तसं करता येतं?' खरंच माहीत नव्हतं हो त्यांना. इतकी वर्षं रिव्ह्यू करणारा, जागतिक टॉप १ टक्का असलेला माणूस, आणि असं विचारता येतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या गाइडने त्यांच्याकडून असंच करून घेतलेलं. त्यांनी माझ्यासमोर बसून तीन ओळींची मेल लिहिली, माझं स्पेलिंग मला विचारून. दुसऱ्या दिवशी एडिटरचं उत्तर, चालेल, त्यांचा ईमेल द्या, आणि गोपनीयतेचं त्यांना सांगा. संपलं. एवढंच होतं. पाच वर्षं मी जे मनात घेऊन फिरत होते ते एका मेलचं काम होतं.

त्या रिव्ह्यूची थँक यू मेल मला माझ्या स्वतःच्या इनबॉक्सवर आली. डियर डॉक्टर, पुढे माझं आडनाव, स्पेलिंग बरोबर. लगेच फॉरवर्ड केली, प्रोफाइलवर '१' आला. काही महिन्यांनी त्याच जर्नलकडून थेट माझ्या नावाने रिक्वेस्ट आली. लहान गावात, सीएचबीवर, ना मोठी इन्स्टिट्यूट ना ओळख, अशा माणसाला हे खूप असतं. पब्लॉन्सच्या रिपोर्टमध्येच होतं की अमेरिकेकडून जवळपास ३३ टक्के रिव्ह्यू येतात आणि आपल्यासारख्या देशांतल्या लोकांना विचारलंच कमी जातं, विचारलं तर ते हो म्हणतात. म्हणून पुरस्कारावर कितीही नाक मुरडलं तरी त्या नोंदीला, त्या पावतीला मी नावं ठेवणार नाही.

दुसऱ्या पद्धतीचे पुरस्कार पण असतात, मोजणी नाही, निवड. लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिका व्हिक्टोरिया फ्रॉमकिनच्या नावाने एक देते, विषयासाठी आणि संस्थेसाठी कारकीर्दभर राबलेल्या माणसाला. ते मला जास्त माणसाळलेलं वाटतं, कारण तिथे कोणाला तरी लिहावं लागतं की या बाईने नक्की काय केलं. पण त्यातही कोणीतरी लिहिणारं लागतंच. सीएचबीवाल्या बाईसाठी शिफारसपत्र कोण लिहितो हे मी बघितलेलं आहे, त्यामुळे त्यावर फार भाबडी होणार नाही मी.

नंतर काय झालं ते पटकन. २०१९ नंतर त्या यादीचं मी काही ऐकलं नाही, सरांनीही विषय काढला नाही. २०२२ मध्ये पब्लॉन्स हे नावच गेलं, सगळं वेब ऑफ सायन्समध्ये विलीन झालं, नोंदी तेवढ्या राहिल्या. मी दुसरीकडे पर्मनंट लागले. माझ्या कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फॉर्मात रिव्ह्यूसाठी स्वतंत्र रकाना नव्हताच, मी 'इतर'मध्ये लिहिलं, कमिटीतल्या एकांनी विचारलं याचे पैसे मिळतात का, मी नाही म्हटलं, त्यांनी पान उलटलं. सरांचा फ्लेक्स दोन पावसाळे कॉलेजच्या जनरेटरवर झाकण म्हणून होता, छापील बाजू आत.

गेल्या वर्षी मला गाइडशिप मिळाली, पहिलीच पीएच.डी.ची मुलगी आली. मागच्या महिन्यात एक पेपर आला, आमच्याच विषयातला, चार सॅम्पलचे एक्सआरडी ग्राफ होते त्यात, म्हणजे एक्स-रे टाकून पदार्थाची रचना तपासतात ते. मी आधी एडिटरला तिचं नाव कळवलं, परवानगी आली, मग तिला दिला. तिने विचारलं, 'मॅडम, याचा मला एपीआयला, म्हणजे पुढे नोकरीच्या गुणांना, काही उपयोग?' म्हटलं काही नाही. 'बरं,' म्हणाली आणि प्रिंट घेऊन गेली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास परत आली, दोन पानं हातात. काही बोलली नाही, खिडकीपाशी गेली, दोन्ही पानं एकावर एक ठेवून काचेवर धरली, मागून ऊन येत होतं. दुसऱ्या आणि चौथ्या सॅम्पलचा ग्राफ. पीकची उंची बदललेली होती, पण खालची ती बारीक थरथरणारी रेघ असते ना नॉइजची, ती एकावर एक तंतोतंत बसत होती, एकेक दाता. दोन वेगळ्या सॅम्पलची नॉइज सेम येऊच शकत नाही.

'मॅडम, हे कसं लिहायचं?'

मी म्हटलं 'हे स्पष्ट होत नाही' असं लिही, आणि मूळ डेटा माग.